एक्केचाळीस एच, एक्केचाळीस के

केतकीने पाठवलेल्या लिंकवर बोट ठेवलं
आणि विमान उघडलं,
वरून, छप्पर काढल्यासारखं.
निळे चौकोन मोकळे, करडे गेलेले.
मला त्यात काही नवीन नव्हतं.

एकतीस वर्षं मी नाट्यगृहाच्या तिकीट-खिडकीत बसलो.
पुठ्ठ्यावर चिकटवलेला खुर्च्यांचा नकाशा,
लाल पेन्सिल गेलेल्यांना, निळी राखीव ठेवलेल्यांना,
आणि खोडरबर,
ऐनवेळी "अहो, आम्ही दोघंच येतोय" म्हणणाऱ्यांसाठी.
आय नावाची रांग आमच्याकडेही नव्हती,
आय आणि एक यांचा घोळ होतो म्हणून.
इथेही एचनंतर थेट जे.
म्हणजे हे विमान आखणारा
कधीतरी कुठल्यातरी खिडकीत बसलेला असणार.

"झालं का?" शरयू, आतून.
"बघतोय."
"सोळा तासांचं बघा. तीन अंकांचं नव्हे."

वरचे टिळेकर दोनदा जाऊन आलेत.
ते म्हणाले, पंखाच्या पुढे घ्या, हादरे कमी.
त्यांच्या बायकोने सांगितलं, संडासाजवळ नको, रात्रभर दार वाजतं.
पाय पसरायला जागा हवी तर साडेआठ हजार,
म्हणजे एका पायाचे सव्वाचार.
शरयूने हिशेब ऐकला.
म्हणाली, डावा तेवढा पसरीन, उजवा बराय.

खांबामागच्या दोन खुर्च्या होत्या आमच्या, एन सात आणि एन आठ.
सांगितल्याशिवाय मी त्या कधी विकल्या नाहीत.
"नायिका दिसेल, नायक दिसायचा नाही,"
असं तोंडावर सांगायचो. तरी लोक घ्यायचे.
इथे पंख नेमका कुठल्या खिडकीला आडवा येतो
ते सांगायला पलीकडे कुणी नाही.

मला खिडकी हवी.
मोठ्याने म्हटलं तेव्हा माझं मलाच नवल वाटलं.
आयुष्य खिडकीत गेलं,
पण त्या खिडकीतून दिसायचे ते हात:
नोटा धरलेले, अत्तराचे, शाईचे,
एकदा ओल्या मेंदीचे, दोन्ही पंजे पसरून,
पैसे नवऱ्याने काढले.
चेहरे, वाकले तरच.

शरयूला कडेची. रात्री तिला दोनदा उठावं लागतं
आणि परक्या माणसाचे गुडघे ओलांडणं
या वयात जमणार नाही,
त्या वयातही जमलं नसतं.

खिडकी घेतली, कड घेतली, मधली सोडली.
एकटी खुर्ची सगळ्यात शेवटी जाते,
हे मी लिहून देतो.
एस.टी.त रुमाल टाकतात तशी
काहीच न टाकता आम्ही ती धरून ठेवली.
शरयू म्हणाली, "भांडलो तर मध्ये जागा बरी."
"आणि मिटलं तर?"
"डबा ठेवू."

मग रोज रात्री, वनाजकडची शेवटची मेट्रो गेली
की मी नकाशा उघडून पाहायचो.
पस्तिसाव्या रांगेत तिघं बसली,
दुसऱ्या दिवशी विखुरली,
तिसऱ्या दिवशी सदतिसात पुन्हा शेजारी शेजारी.
प्रयोग भरत जाताना पोटात जे व्हायचं
तेच होत होतं, फक्त उलटं.

मंगळवारी जे करडी झाली.
मागची आख्खी रांग मोकळी असताना.

शरयूने टिळेकरांना, मला, केतकीला बोल लावला.
मी गप्प. मला एक गिऱ्हाईक आठवलं,
दर रविवारी दुपारच्या प्रयोगाला यायचं,
करंगळीला तांब्याचं वळं.
निम्मं नाट्यगृह रिकामं असलं तरी म्हणायचं,
"दोन्हीकडे माणसं असतील अशी द्या."
का, ते मी विचारलं नाही. रांग असायची मागे.

उद्या रात्री आठला गाडी, चांदणी चौकातून.
"बाई आहे की बाप्या?" शरयू विचारते.
नकाशावर ते कळत नाही.
तिने दशम्या मोजल्या, पुन्हा कणीक काढली.

खिडकी मात्र मी सोडणार नाही.
निदान पहिले आठ तास.