आठ विटा

परळच्या इस्पितळामागं, शवागाराच्या भिंतीला चिकटून
आमची लाँड्री.
रोज अकराशे चादरी, साडेचारशे हिरवे गाऊन,
उशांचे अभ्रे कुणी मोजत नाही.
माझ्याकडे चार्ज आला मार्चमध्ये,
भांडारातून बदली होऊन.
धुण्यातलं मला काही कळत नव्हतं,
माणसांतलं कळतं असं वाटायचं.

पहिल्याच आठवड्यात वही घातली:
कोण किती वाजता आलं, चहाला किती मिनिटं गेली.
वही भरत गेली, चादरी उरत गेल्या.
घवाळी मला गुड मॉर्निंग म्हणायचा
आणि माझी पाठ वळली की ड्रायरशी बोलायचा.

मग ऑफिसनं मला ठाण्याला धाडलं,
दोन दिवस, जेवणासकट.
तिथं आम्ही लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकला.
जाळं झालं, टाळ्या झाल्या,
‘आपण सगळे एका धाग्यात’ असं एक बाई म्हणाल्या.
निघताना गुंडा मी मागून घेतला.
टाकसाळेबाईंनी त्याचं नातवाला टोपडं विणलं.
ठाण्याचा झाला तो एवढाच उपयोग.

एप्रिलमध्ये भिंतीवर तक्ता लावला,
महिन्याचा मानकरी.
खडूनं भुवडचं नाव लिहिलं.
तो आला, त्यानं वाचलं,
खिशातल्या रुमालानं हळूच पुसलं.
‘साहेब, दुसरं टोक कुणीतरी धरतं ना.’
चादरीची घडी एकट्याला घालता येत नाही
हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

वही कपाटात टाकली आणि विचारलं,
काय हवंय तुम्हाला?
कुणी बोललं नाही. आठवडाभर.
साहेबाच्या प्रश्नात खोच असते
हे त्यांचं अनुभवाचं शहाणपण.
नवव्या दिवशी वाफेतून आवाज आला,
भुवडचा, माझ्याकडे न बघता:
‘टेबलं चार बोटं वर घ्या. पाठ जाते.’

चार बोटं.
चौदा वर्षं माणसं त्या टेबलांशी वाकत होती
आणि वरून परिपत्रकं येत होती, उत्साह वाढवा.
शेजारी गटाराचं काम चाललं होतं.
तिथनं आठ विटा उचलल्या,
ठेकेदाराला विचारून. म्हणजे नंतर विचारून.
दोन टेबलं, आठ पाय, पायाला एक वीट.

मे महिन्यात चादरी उरेनाशा झाल्या.
घवाळीनं तीन नंबरच्या ड्रायरला माझं नाव ठेवलं:
लवकर तापतो, पण काम करतो.
दुपारी डब्यातली कोलंबी माझ्याही ताटलीत पडू लागली,
मोजून दोन.
वरच्यांनी विचारलं, काय प्रयोग केलात, अहवाल पाठवा.
मी लिहिलं: विटा, नग आठ.
ते म्हणाले, सविस्तर लिहा.

सविस्तर लिहायला बसलो होतो, एका संध्याकाळी,
तेव्हा दिसल्या
हसीना पटवेच्या टाचा.
दुसऱ्या टेबलाशी ती चवड्यांवर उभी,
उंचीनं भुवडच्या खांद्यालाही नाही,
टाचांखाली चार बोटं हवा.
सहा आठवडे. रोज आठ तास.

‘बोलली का नाहीस?’
‘सगळे खूश होते,’ ती म्हणाली,
आणि हातातलं टोक भुवडकडे नेऊन
जुळवलं, कोपऱ्याला कोपरा.

अहवाल तसाच राहिला.
मी बाहेर पडलो फळी शोधत.
गटाराचं काम केव्हाच संपलं होतं.