तालीम, दर गुरुवारी

नॉक्सव्हिल, एकोणीसशे साठ. चर्चखालचं तळघर.
बॉयलरची घरघर, ओल्या कोटांचा वास,
सहा घडीच्या खुर्च्या आणि एक लांब टेबल.
हे टेबल म्हणजे दुकानातला काउंटर,
असं समजायचं.

मिस ओडेसा टॉलिव्हर शाळेत भूगोल शिकवते.
इथे ती पडायला शिकवते:
गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, हात मानेमागे गुंफून.
"मारणाऱ्याकडे बघायचं. नजर खाली घातलीत
की त्याचं काम सोपं होतं."
आणि हात? ते तर मुठी व्हायला टपलेलेच.
"काउंटरवर ठेवा. बोटं सुटी.
श्वास मोजा. चार आत, सहा बाहेर."

मला वाटायचं, अहिंसा म्हणजे काहीतरी मऊ, सुताचं.
ही तर तालीम निघाली,
नाटकाची आणि कुस्तीचीही.
आमच्याकडे दोन्हींना एकच शब्द आहे.

मी बिनीवाले, रसायनशास्त्राचा. त्यांनी माझं बिनी केलं.
बिनीवर असतो तो सगळ्यांत पुढे असतो,
हे मी कुणाला सांगितलं नाही,
कारण मी दाराजवळच्या खुर्चीत बसायचो.
"तुला काय, हे घरचंच," लोक म्हणायचे.
मी मान हलवायचो, आपल्याकडे हलवतात तशी.
हो की नाही, त्यांना कळायचं नाही.

त्या गुरुवारी शिव्या देणारे कमी पडले.
"बिनी, ऊठ. वर्नेलच्या मागे उभा राहा.
त्याला खुर्चीवरून उठवायचंय."

वर्नेल, शवपेट्या करणाऱ्याचा मुलगा, एकोणीस वर्षांचा,
इस्त्रीची कॉलर, समोर बीजगणित उघडलेलं.
मी त्याच्या डोक्यावर मीठ ओतलं.
इंग्रजी शिव्या दिल्या, तोंडी परीक्षेला द्याव्यात तशा.
कुणीतरी हसलं. वर्नेलही हसला.
"खरं बोल," मिस ओडेसा म्हणाली.

आणि माझ्या तोंडून आलं:
"लांब हो. विटाळ करशील."

आवाज काकांचा होता.
मी तो कधी पाठ केला नव्हता.

कुणाला एक अक्षर कळलं नाही.
पण वर्नेलची मान ताठ झाली,
पान उलटता उलटता बोट थांबलं.
चार आत. सहा बाहेर.
मग त्याने पान उलटलं.

"हे कुठलं?" मिस ओडेसाने विचारलं,
नकाशावर बोट ठेवायला सांगावं, तसं.

मी बोट ठेवलं.
परसदारी कोनाडा. कोनाड्यात कान तुटलेला कप,
ठकूचा. सरपण टाकून झालं की
आई वरून चहाची धार धरायची.
ठकू कप विसळून पालथा घालायची, जागच्या जागी,
वीस वर्षं.
आई तिला कधी वेडंवाकडं बोलली नाही.
आम्ही चांगले लोक होतो.

शनिवारी ते खऱ्या काउंटरवर बसले.
माझा व्हिसा विद्यार्थ्याचा, म्हणून मी कोपऱ्यावरच्या फोनपाशी,
खिशात सुटी नाणी, हातात वही,
पकडलेल्यांची नावं टिपायला.
अकरा नावं.
वर्नेलपुढे लिहिलं: ओठ फाटला. पुस्तक सापडत नाही.

रात्री घरी पत्र लिहिलं.
हवा, परीक्षा, खानावळीतला मका,
आणि घडीच्या कागदावर जागा उरली नव्हती तिथे, कडेने:
कोनाड्यातला कप फोडून टाका. ठकूला आपल्यातला द्या.

एकोणीस दिवसांनी वडिलांचं उत्तर आलं.
अक्षर नेहमीसारखं, मोत्याचं.
"कप मागेच फुटला. दुसरा आणून ठेवला आहे.
लोकरीचे कपडे जपून वापर."

पत्र टेबलावर ठेवलं.
त्यावर दोन्ही हात ठेवले, बोटं सुटी.

चार आत.