वेटिंगचार्ज

स्टँडवरनं बसले तेव्हा हातात कागद होता,
लेकीनं टाईप करून दिलेला, सात ठिकाणं, पुढं वेळा.
नाव विचारलं तर म्हणाले, चौगुले. मंगळवार पेठेतले.
म्हणजे, होतो.
आता तिकडं अमेरिकेत, कुठल्याशा राज्याच्या राजधानीत,
जिथं घुमटाला सोन्याचा पत्रा आहे
आणि शाळेची पोरं रांगेनं येऊन माना वर करून बघतात.
मी म्हटलं, मग ही पण राजधानीच होती की, साहेब.
आरशातनं बघितलं. हसले नव्हते.

न्यू पॅलेस. काळा दगड, मनोऱ्यावर घड्याळ.
त्यांनी मनगटावरचं काढून मिळवून घेतलं,
कुठलं कुणाशी, ते मला कळलं नाही.
तिकीट काढून आत गेले, भुसा भरलेले वाघ बघून आले.
म्हणाले, डावीकडचा लहानपणी जास्त मोठा होता.

भवानी मंडपात फोटो. मी काढला. त्यात माझा अंगठा आला.
खासबागेत एकटेच पायऱ्यांवर बसून राहिले,
खाली हौद्यात, तांबड्या मातीवर, एक कुत्रं
चितपट झोपलेलं.
मीटर पडत होता.

टाऊन हॉलला मी पण उतरलो. तिथं मी उतरतोच.
अब्बा एकतीस वर्षं तिथं पहारेकरी होते,
दस्तगीर मुल्ला, बिल्ला नंबर चार.
काचेच्या कपाटात वीतभर उंचीचा काशाचा देव आहे,
ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला,
पार समुद्रापलीकडचा,
हात उचललेला, हातातला त्रिशूळ कधीच गळून गेलेला.
पाटीवरचं नाव अब्बांच्या जिभेला पेलायचं नाही,
ते त्याला पावणा म्हणायचे.
सकाळी काचेवर फडकं मारताना : काय पावणं, चहा झाला काय?
आणि पंचगंगा चढायला लागली की जवळ वाकून, हळू आवाजात :
पाणी जामदार क्लबापर्यंत आलंय,
तुमच्यातलंच हाय, सांगा की जरा समजुतीनं.

हे सगळं मी चौगुल्यांना सांगितलं.
त्यांनी पाटी दोनदा वाचली, चष्मा काढून आणि घालून.
किती वर्षं झाली याला इथं?
म्हटलं, हजार-दोन हजार असतील.
आणि अजून पावणाच?
मी काही बोललो नाही. अब्बा असते तर बोलले असते.

त्यानंतर कागदाची घडी खिशात गेली.
म्हणाले, साठमारीला घ्या.
ते यादीत नव्हतं.
साठमारीत बघायला काय आहे?
हत्तीपुढं माणसं पळायची, ते मैदान,
आणि जाड दगडी बुरुज, त्यांत माणूस तेवढा तिरका निसटेल
अशा फटी.
चौगुले एका फटीशी गेले. खांदा आत घातला,
श्वास ओढला.
पोट अडकलं.
दादा हत्ती व्हायचा, म्हणाले, मी आत.
तो भोवती फिरत बसायचा सोंड हलवत,
जेवायची हाक येईपर्यंत मला बाहेर येऊ द्यायचा नाही.
परवा बारावा झाला त्याचा.
शर्टाला शेवाळ लागलं होतं. मी सांगितलं नाही.

रंकाळ्यावर ऊन उतरलं होतं.
त्यांना नंदीची गोष्ट अर्धीच आठवत होती, मी पुरी केली :
रोज गव्हाभर पुढं सरकतो, तांदळाभर मागं येतो,
तळ्यात पोचला की जग बुडालं.
ते बराच वेळ पाण्याकडं बघत.
मग हिशेबनीसासारखं विचारलं,
म्हणजे दिवसाला उरतं किती?

तेवढं मी कधी मोजलं नव्हतं.

हॉटेलपाशी त्यांनी वेटिंगचे किती झाले विचारलं.
आकडा सांगितला. दिले. सुटे परत घेतले, मोजून.
कागद सीटवर राहिला, तो अजून माझ्या आरशामागं आहे,
सहा आणि सात नंबरपुढं वेळ तशीच कोरी छापलेली.

दुसऱ्या दिवशी भाडं घेऊन टाऊन हॉलवरनं जाताना
मी हॉर्न मारला.
रस्त्यात कुणी नव्हतं.
मागचा माणूस म्हणाला, कुणाला रं?
म्हटलं, हाय एक, आमच्यातला.