ऐकू आलं की हात वर

एर्झुरुमच्या जुन्या बाजारात मी पुरुषाचे बूट घेतले.
चव्वेचाळीस नंबर, तपकिरी, डाव्याची टाच आतून झिजलेली.
यजमानांना का? दुकानदारानं विचारलं.
हो म्हटलं.
एकदा घालून बघू द्या त्यांना, चावले तर?
म्हटलं, त्यांना काही चावत नाही.

तेव्हापासून आम्ही बरोबर हिंडतो,
कार्स, इग्दिर, अर्दाहान.
बॅगेत तळाला ते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
त्यांच्यावर कान तपासायचं यंत्र,
त्यावर माझे लोकरीचे कपडे.

दिवसाचं काम सोपं.
शाळेतली एखादी खोली मिळते, बहुधा जुन्या नकाशांची.
मूल माझ्याकडे पाठ करून बसतं.
हेडफोन त्याच्या डोक्याला मोठा होतो, मी मागून धरते,
सांगते, ऐकू आलं की हात वर.
मुंगीएवढा आवाज आला तरी. खात्री नसली तरी.
काही पोरं मला बरं वाटावं म्हणून
काहीच वाजलेलं नसताना हात वर करतात.
काल एक मुलगी, दहा वर्षांची, एलानुर,
सगळं ऐकत होती,
मानेवरची शीर हलायची प्रत्येक आवाजाला,
पण हात मांडीखाली दाबून बसलेली.
तिच्या तक्त्यावर काय लिहावं
ते मला अजून सुचलेलं नाही.

रात्री तपासणी माझी.
ग्योलेचं शिक्षकांचं विश्रामगृह, दुसरा मजला.
किल्ली देणारा वहीतून मान न उचलता विचारतो,
एकट्याच?
मागून येताहेत, गाडी लावून.
आणि जिना चढताना मी मोठ्यानं बोलते,
रेंज नसलेल्या फोनवर,
हो, डाव्या हाताला, वर ये.
मग कडी. कडीला खुर्ची.
मग आठवण होऊन खुर्ची बाजूला, दार किलकिलं,
पायपुसण्यावर बूट.
एक जरा आडवा.
माझे वडील दमून आले की असेच टाकायचे.

दोन वाजता पावलं आली.
जड, टाच आधी.
कानात प्राण आणून मी अंधारात बसले.
हजार हर्ट्झ. वीस डेसिबल. पंधरा.
दाराशी थांबली.
थांबण्याचाही आवाज असतो,
आमच्या यंत्रात तो नाही.
माझं लक्ष गेलं तेव्हा
माझा उजवा हात वर होता,
खांद्यापासून सरळ, वर्गात करतात तसा,
कुणी काही विचारलेलं नसताना.

पावलं गेली. कुठे, कळलं नाही.
हात खाली यायला वेळ लागला.

सकाळी दार उघडलं तर बूट नाहीत.
पायपुसण्यावर फक्त त्यांच्या मापाची धूळ.
तेवढ्यात सफाईवाली जिना चढून आली,
गुल्पेरी, पन्नाशीची, एका गुडघ्यानं अधू,
दोन बोटांत दोन बूट, टपटप गळणारे.
जिथले तिथे ठेवले तिनं. आडवा तो आडवाच.
तीन दिवस बर्फ पडतोय बाई, ती म्हणाली,
आणि तुझ्या नवऱ्याचे तळवे कोरडे?
पहाटे झाडताना दिसलं मला.
म्हटलं, आणखी कुणाला दिसायच्या आत
फिरवून आणावा त्याला अंगणातून.

मी तोंड उघडेपर्यंत ती बादली सरकवत
पुढच्या दाराशी पोचली होती.
वळून एवढंच म्हणाली,
नाड्या सोडून बांध कधीतरी.
मागच्या हिवाळ्यातही हीच गाठ होती.

आता पोसोफची गाडी.
बॅग मांडीवर आहे, वर्तमानपत्र भिजलंय,
गुडघ्यावर गार पाणी झिरपतंय.
शेजारची बाई म्हणाली, तुमचं काहीतरी गळतंय.
नवऱ्याचे बूट, मी म्हटलं,
आणि बॅगेत हात घालून
न बघता
गाठ सोडवायला घेतली.