निळी बाटली

बॅडमिंटन आटोपलं की केणी
सगळ्यांच्या हातात एकेक निळी बाटली देतो, फुकट.
त्याचा जावई भांडुपला वितरक आहे.
निळी म्हणजे आमच्या शाळेतल्या दौतीइतकी निळी.

काल वैशंपायनबाईंनी दंडाला पट्टा आवळला,
हवा सोडत सोडत म्हणाल्या, एकशे अठ्ठावन्न, अठ्ठ्याण्णव.
खेळताना काय पिता?
मी म्हटलं, तब्येतीचंच आहे ते,
बाटलीवर पळणारा माणूस आहे.

म्हणून आज कोर्टावर चष्मा नेला.
पाणी. साखर. सायट्रिक आम्ल.
सोडियम सायट्रेट. पोटॅशियम फॉस्फेट.
रंगाला तर नावच नाही, नुसता आकडा.
पोटॅशियम चांगलं की रे, शेवडे म्हणाला, केळ्यात असतं.
असतं. पण माझ्या गोळीबरोबर
तेही मोजूनमापून, बाईंनी बजावलंय.

आणि सोडियम क्लोराइड.
ओळखायला जरा वेळ लागला.
घरचाच माणूस सूट घालून दारात उभा राहावा
तसं झालं.

बाबा कांजूरच्या मिठागरात होते.
टाचांच्या भेगांत पांढरं जाऊन बसायचं,
आई रात्री खोबरेल चोळायची, ते हूं की चूं करत नसत.
ताटात वरून मीठ वाढू लागलं कुणी
की हात आडवा धरायचे:
दिवसभर उपसलंय तेवढं पुरे.
एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांची डावी बाजू गेली.
बीपी हा शब्द आमच्या चाळीत तेव्हा आला नव्हता.
वारं गेलं अंगावरून, एवढंच म्हणाले लोक.

मी विकत घेतलेलं मीठ पितो. तेही गोड करून.

बाई म्हणाल्या, तासन्तास उन्हात घाम गाळणाऱ्याची गोष्ट वेगळी.
तुम्ही चाळीस मिनिटं खेळता,
त्यातली वीस शटल आत की बाहेर यावर भांडता.
पाणी प्या. साधं.

फ्रीजच्या दारात आता सात बाटल्या झाल्यात.
केणीला नको म्हणवत नाही,
तो झाकण सैल करून देतो,
माझा अंगठा दुखतो हे त्याला ठाऊक आहे.

मलाही त्याचं एक ठाऊक आहे.
मुलुंडला आमचा केमिस्ट एकच.
परवा काउंटरवर माझ्या आधी तो उभा होता,
माझ्याच गोळीची पट्टी खिशात सारून
मागे न बघता निघून गेला.