नमुना

बिटको चौकामागच्या दवाखान्यात
सिस्टर खैरनार म्हणतात, बाही वर घ्या काका.
वय? एकाहत्तर. दमा? जुना. साखर? तीही.
"मग तुम्ही पहिल्या रांगेतले."

कशातच पहिला नव्हतो मी.
तेहेतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या,
ओल्या शाईचा वास अजून रुमालाला येतो म्हणते कुमुद.
नवा पोरगा आला की त्याला आधी नमुना द्यायचो,
आडवा शिक्का मारलेला,
पानसुपारीलाही न चालणारा.
बघ. चोळ. बोटांत मुरव.
मग खोटी अंधारातही कळते.

"पण दरवर्षी कशाला?"
"तो रूप बदलतो ना काका."
म्हणजे मालिका बदलते.
एवढं सरळ सांगायचं की.

गेल्या थंडीत गांगुर्डे म्हणाला होता,
साधा तर ताप आहे, सोमवारी येतो चहाला.
त्याची छत्री आमच्या दाराआड आहे.

"ताप येणारच नाही असं नाही हं,"
सिस्टर कापूस दाबतात.
नसू दे.
आमच्या टेबलावरूनही एखादी निसटायचीच.

जेल रोडला रिक्षा केली. कुमुदला सांगितलं,
उद्या तूही चल.

रात्री दंड ठणकतो.
आत कुणीतरी दिव्याखाली बसलंय,
नमुना उलटापालटा करत,
घाई न करता.