बोटांच्या बेचक्यात

तळजाईहून उतरून घरी आलो
की बुंदी आधी माझ्याकडे बघते, मग बादलीकडे.
तिला कळलंय, आता फिरणं
दारापाशी संपत नाही.

मोरीत कोमट पाणी.
कुणाच्यातरी घरभरणीत मिळालेला टॉवेल, विरलेला.
डावा पुढचा. उजवा पुढचा.
मागचे दोन ती देत नाही,
मागावे लागतात, उसने पैसे मागावेत तसे,
इकडचं तिकडचं बोलत.

बेचक्यात बोट घालून चिखल काढते.
लाल गाठ? चट्टा?
तिलाही आठवत नसलेला एखादा ओरखडा?
झेंडे डॉक्टर म्हणाले, सुरुवात एवढीशी असते,
तिळाएवढी. मग जनावर जेवण सोडतं,
मग लघवी थांबते, मग
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
रोगाचं नाव विचारलं तर म्हणाले,
नाव ठेवायला आधी ओळख पटायला हवी.

एकोणतीस वर्षं मी माती तपासली.
पिशव्यांतून यायची, भोरची, सासवडची, शिरूरची,
आत चिठ्ठीवर गट नंबर, तोंडाला सुतळी.
सामू, नत्र, स्फुरद, पालाश.
कुठली उपाशी आहे, कुठली खारावली,
मी कागदावर लिहून द्यायचे, खाली सही.
मातीला कधी घाबरले नाही.
डबा उघडायच्या आधी हात धुवायचे, एवढंच.

आणि आता बुंदीच्या नखाखालचा
चिमूटभर काळा गाळ
पांढऱ्या बशीत घेऊन दिव्याखाली धरते,
तर वाचता येत नाही.

ओव्हाळांचा कॅप्टन गेला तेव्हा भाद्रपद होता.
सोमवारी लंगडला. काटा असेल, म्हणाले.
शुक्रवारी ते पट्टा खिशात घालून
दूध आणायला आले.
दुकानातल्या पोराने सवयीने दोन पिशव्या काढल्या.
त्यांनी एक परत ठेवली,
सुट्टे मोजून घेतले.

मग सोसायटीत जो तो जाणकार झाला.
कुणी म्हणे डबकं, कुणी म्हणे उंदीर,
कुणी म्हणे कालव्याकाठचा कुजका पाला.
दुसऱ्या मजल्यावरच्या इनामदारबाईंनी
पाण्यात तुरटी फिरवायला सांगितली.
मी, रसायनशास्त्राची पदवीधर,
तुरटी फिरवली.
भीती कुठल्या शाळेत गेलेली नसते.

काल टेकडीच्या पायथ्याशी, जिथे स्कूटर लावतात,
ओव्हाळ बसले होते प्लास्टिकच्या स्टुलावर.
शेजारी दोन थर्मास, घमेलं, जुन्या लुंगीची फडकी.
उतरणाऱ्या प्रत्येक कुत्र्यासाठी हात पुढे.
बोलत काही नव्हते.
पंजा घ्यायचा, आधी उलटा, मग सुलटा,
चष्मा कपाळावर ढकलून
बेचक्यात बघायचं.
एखाद्याने पाय आखडला तर थांबायचं.

बुंदीने त्यांना मागचे दोन्ही दिले,
न मागता. मला जरा रागच आला.

म्हटलं, उद्या पाणी मी आणते तापवून.
म्हणाले, कोमट आणा.
कॅप्टनला गरम चालायचं नाही.

टेकडीवरचीच एक, फाटक्या कानाची,
कुणाचीच नसलेली,
पाच पावलांवर बसून सगळं बघत होती.
अंधार पडायला लागला. गाड्या निघाल्या.
ओव्हाळांनी घमेल्यातलं गढूळ पाणी लांब नेऊन ओतलं,
घमेलं विसळलं,
स्टूल तिच्या दिशेने वीतभर सरकवलं
आणि दुसरा थर्मास उघडला.